तुम्ही विचारलंत म्हणून: हरणाऱ्या टीमला कोच कसा शोधतात

‘सलग पाच हरले, तरी कोचला काढत कसे नाहीत?’ काढलं की आठ दिवसांनी, ‘अजून नवा ठरत नाही?’ आणि ठरला की, ‘हाच सापडला का?’ आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीग या आपल्या फुटबॉल लीगचा, हंगाम सुरू झाला की हे तीन प्रश्न याच क्रमाने माझ्याकडे येतात. विचारणारे जाणकार असतात, त्यामुळे लीग म्हणजे साखळी सामने, प्लेऑफ म्हणजे साखळीतल्या वरच्या टीमची बाद फेरी, एवढ्यावर थांबतो. एकदाच सगळं लिहून ठेवतो. पुढच्या वेळी उत्तर म्हणून हेच पाठवीन.

कोणाला घ्यायचं हा पहिला प्रश्न नसतोच. टीम हरतेय की वाईट खेळतेय, हे आधी बघावं लागतं. मागच्या ८-१० सामन्यांचा एक्सजी काढायचा, म्हणजे मिळालेल्या संधींतून एरवी किती गोल झाले असते त्याची बेरीज. पेनल्टी बाजूला ठेवायच्या, कारण एकेक पेनल्टी पाऊण गोलाच्या वर भरते आणि थोड्या सामन्यांत सगळा हिशेब फुगवते. समजा टीम दर सामन्याला दीड गोलाच्या संधी निर्माण करतेय, समोरच्याला एका गोलाच्या देतेय आणि तरी हरतेय. मग गोलकीपर बघा, स्ट्रायकर बघा, दुखापतींची यादी बघा. कोचला हात लावू नका. उलट, टीम जिंकतेय पण समोरच्याला दर वेळी दोन गोलांच्या संधी मिळतायत, तर शोध त्याच आठवड्यात गुपचूप सुरू व्हायला हवा. पण जिंकत असताना कोच शोधायला सुरुवात करा म्हटलं, तर कुठलाही मालक आधी सांगणाऱ्यालाच काढेल.

कॉर्नर आणि फ्री किकवर खाल्लेले गोल वेगळे मोजायचे. तो रोग दहा दिवसांत बरा होतो आणि त्यासाठी मुख्य कोच बदलावा लागत नाही, एक बरा सहायक पुरतो. फिटनेसचं उलटं. प्री-सीझनला, म्हणजे हंगामाआधीच्या तयारीला, पाच-सहा आठवडे लागतात. ते वाया गेले असतील तर डिसेंबरात आलेला कोच ते भरून काढू शकत नाही. त्याने सरावाचा भार एकदम वाढवला तर तिसऱ्या आठवड्यात हॅमस्ट्रिंग धरून बसलेल्यांची रांग लागते, आणि मग तुम्हीच विचारता की नव्या कोचने आल्या आल्या टीमचं वाटोळं कसं केलं.

‘पण कोच बदलला की टीम उसळी घेते ना?’ घेते. न बदलताही घेते. बास तेर वेल या डच अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्सच्या वरच्या लीगमधले १९८६ ते २००४ या काळातले कोचबदल तपासले. घसरण लागल्यावर कोच काढलेल्या टीम एका बाजूला, तशीच घसरण लागूनही कोच न काढलेल्या दुसऱ्या बाजूला. दोन्ही साधारण सारख्याच सावरल्या. तळाला पोचलेली गोष्ट बहुतेक वेळा वरच येते, आणि त्या वेळी जो बेंचवर उभा असतो त्याच्या नावावर ती लागते.

एवढ्यावर मी पूर्वी ठणकावून सांगायचो की हंगामाच्या मध्यात कोच बदलणं म्हणजे पैसे जाळणं. मग जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने जेरार्ड नूस यांना काढून खालिद जमील यांना हंगामी, म्हणजे तात्पुरते, कोच म्हणून उभं केलं. त्यानंतर साखळीत टीम एकही सामना हरली नाही, तिसरी आली. पूर्वीचा मी म्हणतो, नूस यांच्या हाताखालीही त्या टीमची सुरुवात चांगलीच होती, ती आपल्या जागी परत आली एवढंच. आजचा मी म्हणतो, आपल्या जागी परतणाऱ्या टीम अधूनमधून एखादा तरी सामना हरतात. या दोघांचं अजून पटलेलं नाही.

आता ज्या प्रकरणामुळे मी या विषयावर इतका वेळ भांडतो, ते. पुणेकरांना त्याचा पहिला अंक पाठ आहे. एफसी पुणे सिटीने २०१४ पासून कोलोम्बा, प्लॅट, हाबास, पोपोविच, पोर्तुगाल असे कोच आणले: इटालियन, इंग्लिश, स्पॅनिश, सर्बियन, पुन्हा स्पॅनिश. दर वर्षी नवा माणूस, आणि त्याच्याबरोबर खेळाची नवी कल्पना. हाबास यांच्यासाठी जमवलेल्या खेळाडूंकडून पुढचा कोच वेगळंच मागणार, त्याचे खेळाडू त्याच्या पुढच्याला नकोत. प्लेऑफ गाठला तो एकट्या पोपोविच यांनी, आणि पुढच्या हंगामात तेही बालेवाडीत नव्हते. मिगेल आन्हेल पोर्तुगाल २०१८ मध्ये पहिल्या तीन सामन्यांनंतर गेले. प्रद्युम रेड्डींनी हंगामी म्हणून गाडी ओढली, मग फिल ब्राऊन आले. २०१९ मध्ये क्लबच बंद झाला. त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली, आणि ब्राऊन व बरेच खेळाडू तिकडे गेले.

हैदराबादचा पहिला सामना कोलकात्यात, तिथल्या एटीके क्लबकडून ०-५ अशी हार. जानेवारी २०२० मध्ये ब्राऊन यांना काढलं. हंगामाअखेर १८ सामने, २ विजय, १० गुण, शेवटचा क्रमांक. इथवर सगळं नेहमीचं आहे. पुढचं नेहमीचं नाही. इंग्लंडमध्ये अशा टीमला खालच्या डिव्हिजनमध्ये घसरायची धास्ती असते, म्हणून आग विझवणारा माणूस आणतात. आयएसएलमध्ये तेव्हा घसरण नव्हती. म्हणजे वाया गेलेला हंगाम वायाच जाऊ द्यायचा आणि ते महिने पुढच्यासाठी वापरायचे, ही चैन आपल्याकडच्या क्लबना परवडणारी होती. बहुतेकांनी ती कधी केली नाही, हैदराबादने केली. बंगळुरू एफसीला २०१६ च्या एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेणारे आल्बर्ट रोका यांना जानेवारीतच ठरवलं. उरलेला हंगाम त्यांनी सल्लागार म्हणून बघायचा, मुख्य कोच पुढच्या हंगामापासून व्हायचं. दावोर्लीचा लिस्टन कोलासो त्याच जानेवारीत एफसी गोवाकडून आला. आकाश मिश्रा, चिंगलेनसाना पुढच्या काही महिन्यांत आले. आशिष राय पुण्याहून आलेला होताच. सगळी तरुण, पायात चेंडू घेऊन खेळणारी पोरं. आधी खेळ ठरला, मग खेळाडू, आणि कोच त्या खेळातला. क्रम बघा.

आणि मग ऑगस्टच्या शेवटी रोका गेले. बार्सिलोनाला कोच म्हणून कूमन आले होते, त्यांच्या स्टाफमध्ये फिटनेस कोच म्हणून रोकांना बोलावणं आलं. असं बोलावणं कोण नाकारेल? हंगाम नोव्हेंबरात गोव्यात बंद बबलमध्ये सुरू होणार, बाहेर कोरोना, विमानं मोजकी, आणि टीम एकही सामना न खेळता कोचविना. दोन दिवसांत मानोलो मार्केझ यांचं नाव जाहीर झालं.

‘हाच सापडला का?’ तेव्हाही विचारलं गेलंच. कागदावर काय होतं? स्पेनच्या ला लीगातल्या लास पाल्मासमध्ये २०१७ चा उन्हाळा आणि सप्टेंबरात राजीनामा. थोडं थायलंड, थोडं क्रोएशिया. पण त्याच्या वरच्या ओळी कोणी वाचत नाही. एस्पान्योल बी, लास पाल्मासचा दुय्यम संघ, कातालोनियातले खालच्या डिव्हिजनचे क्लब. म्हणजे वीस-एकवीस वर्षांच्या पोरांना सामन्यागणिक शिकवत पुढे नेणं हेच या माणसाचं अर्धं आयुष्य. हैदराबादकडे तेव्हा नेमकं तेच काम होतं. पहिल्या हंगामात २९ गुण, पाचवा क्रमांक. शेवटच्या सामन्यात गोव्याशी ०-० झालं आणि प्लेऑफ थोडक्यात हुकला. त्यांना काढलं नाही, हेही निवडीइतकंच महत्त्वाचं. पुढच्या वर्षी, २० मार्च २०२२ ला फातोर्ड्यात, केरळा ब्लास्टर्सविरुद्धच्या आयएसएलच्या अंतिम सामन्यात ८८व्या मिनिटाला साहिल तावोराने बरोबरी साधली. शूटआउटमध्ये गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद चॅम्पियन. दोघेही गोंयकार, म्हणून गोव्यात त्या रात्री अर्धा आनंद झालाच.

मी हे उदाहरण दिलं की लगेच ऐकवलं जातं: म्हणजे दोन दिवसांत कोच मिळतो, मग बाकीचे महिनाभर काय करतात? त्यावर माझं उत्तर, दोन दिवस लागले कारण आधीचे आठ महिने काम झालं होतं. कसा माणूस हवा हे ठरलेलं होतं, फक्त माणूस बदलला. त्याच शरद ऋतूत ईस्ट बंगालची आयएसएलमधली एन्ट्री उशिरा नक्की झाली आणि रॉबी फाउलर ऑक्टोबरात आले. मोठं नाव, पण टीम घाईत जमवलेली. पहिला विजय मिळायला जानेवारी उजाडला, हंगाम नववा संपला. घाई दोघांनाही होती. एकाकडे आराखडा होता.

हे मी ठामपणे सांगतो. मग रात्री वाटतं, रोका राहिले असते तर? कदाचित चॅम्पियनपद वर्षभर आधी आलं असतं, कदाचित आलंच नसतं. क्लबची पहिली पसंती मार्केझ नव्हते. ज्या निवडीला मी नमुना म्हणून मिरवतो, ती दुसऱ्याच्या फोनमुळे झालेली आहे. आणखी एक गोष्ट उदाहरण देताना मी सांगायची टाळतो. २०२३-२४ मध्ये तोच क्लब पुन्हा शेवटचा आला, ८ गुण. कोच होते थांगबोई सिंगतो, मार्केझ यांचे सहायक राहिलेले, त्याच पद्धतीतले. फरक एवढाच की खेळाडूंचे पैसे थकले होते, माजी स्ट्रायकर ओगबेचेच्या थकबाकीवरून फिफाने नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली होती आणि चांगले खेळाडू निघून गेले. आराखडा होता, माणूस आतला होता, काही उपयोग झाला नाही.

बाकी कामाची पद्धत थोडक्यात, कारण ती सगळीकडे सारखीच. वीसेक नावांची यादी बनते. पहिली चाळणी लायसन्सची: एएफसी (आशियाई महासंघ) प्रो किंवा युएफा (युरोपीय महासंघ) प्रो नसेल तर नाव खोडा. दुसरी चाळणी पैशांची. इथे क्लब फसतात, कारण कोच एकटा येत नाही. सहायक, फिटनेस कोच, कधी गोलकीपर कोच, कधी अ‍ॅनालिस्ट. प्रत्येकाचा पगार, फ्लॅट, तिकिटं, व्हिसा. तिसरी चाळणी खेळाची. समोरच्याच्या किती पासांमागे टीम एकदा चेंडूवर तुटून पडते तो आकडा बघायचा. ८-९ असेल तर टीम पुढे जाऊन दाबते, १४-१५ असेल तर मागे बसते. तुमचे दोन्ही सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, तेहतिशीचे आणि संथ असतील, तर ८ वाला कितीही नावाजलेला असो, नको. त्याला हवे ते सेंटर बॅक जानेवारीच्या खेळाडू-खरेदीच्या विंडोत मिळत नाहीत, आणि परदेशी खेळाडूंचा कोटा आधीच भरलेला असतो.

उरलेल्या तीन-चार जणांना टीमचे शेवटचे तीन सामने पाठवायचे आणि आठवडा द्यायचा. तत्त्वज्ञान ऐकायचं नाही, ते सगळ्यांचं सुंदर असतं. विचारायचं: या अकरांतून कोणाला बसवाल? १-० पुढे आहात, ७०वं मिनिट, पहिला बदल कोणता? बुधवारी गुवाहाटीत आणि रविवारी कोचीत सामना आहे, मधल्या दिवसांत मैदानावर काय कराल? जो शेवटच्या प्रश्नाला ‘विश्रांती’ म्हणून पुढे तपशील देतो तो मला आवडतो. जुन्या क्लबच्या अध्यक्षाचं शिफारसपत्र वाचू नका. तिथल्या फिजिओला आणि किटमनला फोन करा. सलग चार हरल्यावर हा माणूस ड्रेसिंग रूममध्ये कोणावर ओरडायचा, हे त्यांनाच ठाऊक असतं.

करारात काढून टाकण्याची रक्कम आधी लिहा, दोन-तीन महिन्यांचा पगार अशी. ती नसेल तर फिफाच्या नियमांनुसार उरलेल्या कराराचं मूल्य द्यावं लागतं, त्यातून नव्या कामाचा पगार वजा होतो, पण त्याला काम मिळालं तर. दोन वर्षांचा करार करून चार महिन्यांत काढलेला कोच पुढचं वर्षभर घरी बसून तुमचा पगार घेतो. ‘काढत का नाहीत’ याचं निम्म्या वेळचं उत्तर हे आहे. सहायकांचे करार मुख्य कोचच्या कराराला बांधा, नाहीतर तो जातो आणि त्याची माणसं राहतात.

आणि शेवटचा, सगळ्यात रागाने विचारला जाणारा: आपला माणूस, म्हणजे भारतीय कोच, का नाही? आपल्या माणसाला नोकरी मिळते ती परदेशी कोच काढल्यावर, मोडलेल्या टीमवर, हंगामी म्हणून. त्यातून जो निकाल येतो तोच त्याचा रेकॉर्ड, आणि पुढच्या यादीच्या वेळी तोच समोर ठेवतात. खालिद जमील नॉर्थईस्टला तसे आले, जमशेदपूरलाही हंगामाच्या मध्यातच आले. २०२५ मध्ये ते भारताचे कोच झाले तेव्हा ‘बघा, मी म्हणत होतो’ असे संदेश मलाही आले. बरोबर आहे. पण २०२१-२२ मध्ये नॉर्थईस्टने त्यांना कायमचं नेमून पूर्ण हंगाम दिला, तेव्हा टीम अकरांत दहावी आली होती. तो दहावा क्रमांक माझ्या तोंडावर फेकणाऱ्यांनी आधी एवढंच बघावं की त्या वर्षीचे परदेशी खेळाडू कोणी निवडले होते आणि त्यांच्यासाठी पैसे किती होते.