पोर्ट संपले म्हणून हब आणला, पण पुढे?

होम स्टुडिओ म्हटलं की यूएसबीचं लटांबर वाढतच जातं. ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटार कंप्युटरला जोडणारा डबा), मिडी कीबोर्ड (कुठली पट्टी दाबली ते कंप्युटरला कळवणारा), पॅड कंट्रोलर, सॅम्पलची ड्राइव्ह, लायसन्सचं डाँगल, वर माऊस-कीबोर्ड आहेतच, आणि लॅपटॉपला पोर्ट दोन नाहीतर तीन. मग मिळेल तो हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) आणायचा, सगळं त्यात खुपसायचं आणि ऐन टेकमध्ये इंटरफेस गायब झाला की ड्रायव्हरच्या नावाने खडे फोडायचे. माझं मत विचाराल तर ड्रायव्हर बऱ्याचदा निर्दोष असतो, गोची कुठलं डिव्हाइस कुठे लावलंय यात असते.

कागदावर एका यूएसबी कंट्रोलरला (कंप्युटरमधली पोर्ट सांभाळणारी चिप) १२७ डिव्हाइस चालतात (हबही त्यातच मोजायचे), पण त्या आकड्याचा आपल्याला शष्प उपयोग नाही, कारण त्याच्या कितीतरी आधी करंट संपतो. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. अ‍ॅडॅप्टर नसलेला यूएसबी २ चा चार पोर्टचा हब तेच ५०० वाटून देणार, म्हणजे हबचा स्वतःचा वाटा वगळून नियमाप्रमाणे एका पोर्टला फक्त १००. त्यावर इंटरफेस लावून फँटम पॉवर (इंटरफेसमधून माइकला दिली जाणारी वीज) ऑन केली तर तो दगा देणारच. त्यामुळे हब घ्यायचा तर स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेलाच, आणि तो अ‍ॅडॅप्टर किती अँपिअरचा आहे तेही बघायचं, सात पोर्टच्या हबबरोबर किरकोळ अ‍ॅडॅप्टर आला असेल तर त्यात काही राम नाही.

आता स्पीड. लोक इथे उगाच घाबरतात. १८ चॅनल, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, एवढं सगळं मिळून एका दिशेला साधारण ४१ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) होतं आणि यूएसबी २ चा स्पीड आहे ४८०. मग क्लिक-पॉप का येतात? कारण ऑडिओचा डेटा ठरल्या वेळेलाच पोचावा लागतो, चुकला तर यूएसबी तो परत पाठवत नाही, गेला तो गेला. ड्राइव्हचं तसं नसतं, तिचा डेटा चुकला तर परत जातो, आपल्याला कळतही नाही. म्हणून इंटरफेस थेट कंप्युटरच्या पोर्टला, बाकी मंडळी हबवर. मिडीचा डेटा तर इतका किरकोळ असतो की मिडी कीबोर्ड हबवर खुशाल ठेवा.

आणि हो, यूएसबी ३ चा हब घेतला म्हणून यूएसबी २ चे डिव्हाइस वेगात पळणार नाहीत. त्या डबीत खरं तर दोन वेगळे हब असतात, जुने डिव्हाइस जुन्याच वाटेने जातात आणि ते ४८० आपापसांत वाटून घेतात.

डेस्कटॉपवाल्यांनी विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत 'डिव्हायसेस बाय कनेक्शन' लावून बघावं, कुठलं डिव्हाइस कुठल्या कंट्रोलरखाली आहे ते सगळं झाडासारखं दिसतं. लिनक्सवर 'एलएसयूएसबी -टी', मॅकवर सिस्टम इन्फर्मेशन. बऱ्याचदा मागचे सगळे पोर्ट एकाच कंट्रोलरचे निघतात. तसं असेल आणि तरीही त्रास जात नसेल तर डेस्कटॉपच्या आत बसणारं पीसीआय एक्सप्रेसचं यूएसबी कार्ड टाकून इंटरफेस त्यावर एकटा ठेवायचा, माझ्या मते महागड्या हबपेक्षा हा खर्च जास्त कामी येतो.

विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापरात नसलेलं डिव्हाइस झोपवणारी सोय) बंद करायचं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या (कंप्युटरच्या आतल्याच हबच्या) पॉवर मॅनेजमेंटमध्ये टिक असेल तर तीही काढायची. थोडा वेळ वाजवलं नाही की कीबोर्ड झोपतो आणि मग उठतच नाही, हा प्रकार बऱ्याचदा तिथूनच येतो.

केबलबद्दल फार सांगत नाही, यूएसबी २ ला ५ मीटरच्या वर जायचं नाही आणि फोनबरोबर आलेली फक्त चार्जिंगची केबल स्टुडिओत ठेवायचीच नाही.

राहता राहिलं पोर्ट बदलणं. ज्या डिव्हाइसला स्वतःचा सिरियल नंबर नसतो त्याला विंडोज पोर्टवरून ओळखतं, पोर्ट बदलला की ते नवीन डिव्हाइस समजतं, कधी नावाच्या आधी '२-' असं काहीतरी चिकटतं, आणि प्रोजेक्ट उघडला की मिडी इनपुट सापडत नाही. म्हणून केबलला आणि पोर्टला एकच नंबर लिहून चिकटपट्टी लावायची, साफसफाई करताना सगळं काढलं तरी जे जिथलं ते तिथेच परत जातं.