टॉवेलवाले लुईस आणि सैरावैरा व्हॅल्वानो

आज ऑफिसातल्या एका एनसी स्टेटवाल्या (म्हणजे अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ) मित्राने जबरदस्तीने बसवून १९८३ ची अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची फायनल दाखवली, ह्यूस्टन विरुद्ध एनसी स्टेट. निकाल माहीत असूनही शेवटी शेवटी चहा हातातच निवला!

ह्यूस्टनकडे ओलाजुवान आणि ड्रेक्सलरसारखे तगडे खेळाडू. एनसी स्टेटला कोण विचारतंय? पण आघाडी मिळाल्यावर ह्यूस्टनचे कोच गाय लुईस (तेच, ठिपक्यांच्या टॉवेलवाले) यांनी खेळ संथ केला. तेव्हा शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत बॉल रिंगकडे मारायचं बंधन) नव्हतं, बॉल फिरवत बसलं तरी चालायचं. अहो, पण पळणाऱ्या पोरांना उभं कशाला करायचं?

एनसी स्टेटचे कोच जिम व्हॅल्वानोंनी बरोबर नस पकडली. मुद्दाम फाउल करा, मारू देत फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे नेम). ह्यूस्टनवाले तिथेच कच्चे. ५२-५२ असताना ह्यूस्टनच्या फ्रँकलिनचा फ्री थ्रो चुकला. वेळ संपता संपता एनसी स्टेटच्या व्हिटनबर्गने लांबून मारलेला बॉल तोकडा पडला, तो त्याच्याच संघातल्या लोरेन्झो चार्ल्सने हवेतच धरून रिंगमध्ये कोंबला. ५४-५२! आणि व्हॅल्वानो मिठी मारायला माणूस शोधत कोर्टभर सैरावैरा.

मित्र म्हणतो, नशीब. मला नाही पटत. लुईसना बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या मानाच्या यादीत) घ्यायला २०१३ उजाडलं, ते या एका मॅचमुळे का, यावरून जेवताना आमची चांगलीच जुंपली.