आमची वाटचाल : आधी हवा मोजायची, मग डिश बसवायची

आमचं काम इंदूरच्या कडेकडेचं. राऊ, सिमरोल, पिथमपूरचा रस्ता, सांवेर रोडच्या कारखान्यांमागच्या वस्त्या. जिथे केबल ओढणं परवडत नव्हतं, तिथे गच्चीवर डिश लावून इंटरनेट पोचवायचं. रामबागेतल्या घराच्या वरच्या खोलीत सुरुवात झाली. बँडविड्थ मोठ्या पुरवठादाराकडून घेतलेली, रेडिओ (डिशमधून सिग्नल पाठवणारी आणि ऐकणारी यंत्रं) मात्र आमचे आणि जबाबदारीही आमची.

पहिली वर्षं २.४ गिगाहर्ट्झच्या फ्रिक्वेन्सी पट्टीवर गेली. तिथे एकमेकांना न छेदणारी चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. घरोघरी वायफाय राऊटर आले आणि ती पट्टी भरून गेली. म्हणून ५ गिगाहर्ट्झकडे वळलो. पण तेव्हा उघड्यावर विनापरवाना वापरायला ५८२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ ही ५० मेगाहर्ट्झचीच पट्टी होती. २० मेगाहर्ट्झची दोन चॅनेल त्यात धड बसतात आणि लहानमोठे सगळे ऑपरेटर तिथेच. त्या दाटीत टिकायचं तर हवेत काय चाललंय ते दिसायला हवं होतं. स्पेक्ट्रम अ‍ॅनालिसिस (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती गोंगाट आहे ते मोजणं) हा आमच्या धंद्याचा कणा झाला तो तिथपासून.

आमच्याकडे नवीन येणारी मुलं आधी रेडिओचा स्कॅन लावतात आणि यादीत चार नावं दिसली की चॅनेल ठरवून मोकळी होतात. स्कॅनला फक्त त्याच्या भाषेत बोलणारे वायफाय दिसतात. दुसऱ्या कंपनीचा स्वतःच्या पद्धतीने चालणारा रेडिओ, वायरलेस कॅमेरा, २.४ वर मायक्रोवेव्ह ओव्हन, हे त्या यादीत कधीच येत नाहीत. गोंगाट मात्र तेवढाच करतात. स्पेक्ट्रमच्या आलेखात कोण बोलतंय ते कळत नाही, पण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती ऊर्जा आहे आणि किती वेळ आहे, ते लख्ख दिसतं. आम्हाला दोन्ही लागतात.

राऊजवळच्या एका चिप्सच्या कारखान्याची लिंक (आमचा टॉवर ते तिथली डिश हा दुवा) रोज संध्याकाळी कोलमडायची. तिथले मॅनेजर वैतागून म्हणाले, “दादा, सिग्नल तर पूर्ण दाखवतोय, मग नेट का रडतंय?” त्यांचं बरोबर होतं. सिग्नल दिवसरात्र उणे ६० डीबीएमच्या (ताकदीचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितकं जोरदार) आसपास, एकदम चांगला. पण दुपारी तिथला नॉइज, म्हणजे हवेतला गोंगाट, उणे ९४ होता आणि संध्याकाळी तो उणे ७७ वर चढायचा. म्हणजे ३४ डेसिबलचं अंतर १७ वर यायचं. एवढ्यात रेडिओ वेगाच्या खालच्या पायऱ्यांवर उतरतो आणि सिग्नलचा आकडा जागचा हलत नाही. आमच्या टॉवरकडून पाहिलं तर हवा स्वच्छ. त्रास फक्त कारखान्याच्या टोकाला होता, कारण शेजारच्या पाण्याच्या टाकीवर दुसऱ्या कुणाचा तरी सेक्टर अँटेना (एका बाजूच्या अनेक ग्राहकांना सिग्नल देणारा) लागला होता आणि संध्याकाळी त्याचे ग्राहक वाढायचे.

पॉवर वाढवणं हा सगळ्यांचा पहिला विचार. मला तो अजिबात पटत नाही; आपण आवाज चढवला की समोरचाही चढवतो आणि सगळा परिसर बहिरा होतो. आम्ही डिश खांबावरून खाली आणली, गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीच्या आडोशाला. आमचा टॉवर तिथूनही दिसत होता, ती टाकी दिसत नव्हती. चॅनेलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली; ती निम्मी झाली की रेडिओ ऐकत असलेला मूळ नॉइज ३ डेसिबलने उतरतो. लिंक संध्याकाळीही उभी राहिली.

तेव्हापासून सर्व्हे दोन्ही टोकांना होतो. इंटरफेरन्सने (दुसऱ्यांच्या सिग्नलच्या अडथळ्याने) नुकसान होतं ते ऐकणाऱ्याचं, म्हणून जिथे ऐकायचं तिथेच मोजायचं. जी डिश लागणार तीच लावून, त्याच उंचीवर, आडव्या आणि उभ्या दोन्ही पोलरायझेशनवर (लहरींच्या कंपनाच्या दिशांवर). आणि संध्याकाळी, लोक घरी आल्यावर. सकाळी अकराच्या आलेखाला मी किंमत देत नाही. चालू टॉवरवर मात्र हे काम मध्यरात्रीनंतर करावं लागतं, कारण आमच्या बऱ्याच रेडिओंवर अ‍ॅनालिसिस लावलं की ग्राहकांची लिंक तुटते. म्हणून आता मुख्य टॉवरवर फक्त ऐकण्यासाठी एक वेगळा रेडिओ ठेवलाय. आणि हो, ५ किलोमीटरच्या लिंकला मध्यावर फ्रेनेल झोनची (दोन टोकांमधल्या सरळ रेषेभोवती मोकळी लागणारी जागा) त्रिज्या साधारण ८ मीटर असते. मध्ये आंब्याचं झाड असेल तर तो दोष स्पेक्ट्रममध्ये शोधून सापडणार नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ हे पट्टे घराबाहेरही परवानामुक्त केले. एकूण ६०५ मेगाहर्ट्झ. आमच्यासाठी तो श्वास घेण्याचा क्षण होता. टॉवरवरच्या आमच्याच सेक्टरना एकमेकांपासून दूर बसवता आलं, कारण खरं सांगायचं तर दाटीतला बराच गोंगाट स्वतःच्याच रेडिओंचा असतो. ५६०० ते ५६५० च्या भागात मात्र आम्ही जात नाही. तिथे हवामानाची रडारं चालतात.

शहरात आता फायबर पोचलंय आणि तिथले ग्राहक आम्ही स्वतःहून फायबरवर नेले. रेडिओ उरलेत ते सिमरोलच्या पुढच्या शेतांत, गोदामांत आणि कारखान्यांच्या बॅकअप लिंकवर. त्या भागातल्या आणखी दोन ऑपरेटरांशी आता बोलणं ठरलेलं आहे : नवा सेक्टर चालू करण्याआधी प्रत्येकाने आपला आलेख बाकीच्यांना पाठवायचा आणि चॅनेल मिळून ठरवायचं. सोयाबीन निघालं की गोदामांची मागणी वाढते, त्यामुळे यंदाची मोजणी आम्ही पोळ्यानंतर लगेच लावली आहे.