टायरचं जावळ

आमच्या मारुती जिप्सीचे टायर झिजून गेले नाहीत, म्हातारे होऊन गेले. यातला फरक मला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका टायरवाल्यानं जमिनीवर उकिडवं बसून समजावून सांगितला. तेव्हापासून गाडीसमोर उभं राहायची मला जराशी लाजच वाटते.

गाडी २००४ची. २०१९ला पंधरा वर्षं भरली तेव्हा पुन्हा पासिंग करून घेतलं. ते पाच वर्षांचं, म्हणून २०२४ला परत नंबर लागला. मिस्त्रीनं अर्धा तास गाडीखाली काढला, स्प्रिंगच्या पाट्यांना ठोकून पाहिलं, आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "बाकी गाडी टकाटक हाय दादा. टायरं तेवढी टाका."

मी उडालोच. "अरे, नक्षीच्या गोट्या बघ की! अजून बोटभर आहेत."

बोटभर ही माझी हौस, पण नक्षी शिल्लक होती हे खरं. खाचेत जे बारके उंचवटे असतात, त्यांच्या पातळीपर्यंत नक्षी उतरली की १.६ मिलिमीटर उरले आणि टायर बाद, हा कायदा मला पाठ आहे. माझे टायर त्या उंचवट्यांपासून कितीतरी वर होते. वर्षानुवर्षं मी अधूनमधून त्या खाचेत रुपयाचं नाणं खुपसून बघत आलोय आणि दर वेळी खूश होऊन घरात गेलोय.

टायरवाल्यानं नक्षीकडं बघितलंसुद्धा नाही. अंगठ्यानं टायरच्या कडेवरची धूळ पुसली आणि चार आकडे दाखवले. ३६१२. "छत्तिसावा आठवडा, दोन हजार बारा. कंपनीतनं भाईर पडलं तवाची तारीख." मग गुडघ्याचा जोर देऊन कडेचा भाग जरा आत दाबला. मे महिन्यात काळ्या रानाला पडतात तशा बारीक भेगा सगळीकडं उघडल्या. दाब सोडला की मिटायच्या. एवढी वर्षं त्या माझ्यासमोर मिटूनच उभ्या होत्या.

"वापरली न्हाईसा वाटतं गाडी?"

"म्हणजे... वापरतो की."

त्यानं टायरच्या खांद्यापाशी बोट नेलं. तिथं, आतल्या बाजूला, रबराचे चार-पाच काळे केस अजून उभे होते. साच्यात टायर घडवताना हवा निघून जायला बारीक भोकं असतात, त्यांत रबर शिरतं आणि हे केस तयार होतात. गाडी रस्त्याला लागली की झडून जातात. त्यानं एक केस हलकेच ओढला. "ह्ये बघा. जावळ बी काढल्यालं न्हाई आन् म्हातारं झालं बिचारं."

दुकानातली दोन पोरं हसली. मीही हसलो, दुसरं करणार काय!

त्याचं म्हणणं असं की रबराला धावण्यापेक्षा उभं राहणं बाधतं. टायरच्या रबरात मेणासारखा पदार्थ घातलेला असतो. चाक फिरतं, रबर दबतं-फुगतं, तसं ते मेण थोडं थोडं पृष्ठभागावर येऊन त्याचा पातळ पापुद्रा धरतो आणि हवेतल्या ओझोनपासून रबराला वाचवतो. गाडी नुसती उभी राहिली की हे मळणं बंद. वरून ऊन, आणि एकाच जागी अख्ख्या गाडीचं वजन. कंपन्याही सांगतात की पाच वर्षांनंतर दरसाल टायर तपासा आणि नक्षी कितीही असली तरी दहा वर्षांपलीकडं ओढू नका. मी बारा ओढले होते, तेही बहुतेक पार्किंगमध्ये.

घरी येऊन हिशोब केला. ते टायर घातल्यापासून गाडी २१,००० किलोमीटर चालली. महिन्याला दीडशेसुद्धा नाही. आणि घेताना काय ऐट होती! चिखलाचेच पाहिजेत, मोठ्या गोट्यांचे, दुसरं दाखवूच नका. तेव्हा डोळ्यांसमोर दाजीपूरचा रस्ता होता, धुक्यातला गवा होता, गुडघाभर लाल चिखल होता. प्रत्यक्षात गाडीनं पाहिलं ते रंकाळा ते शाहूपुरी आणि शाहूपुरी ते रंकाळा. त्यातही गोट्यांचा तो भुंग्यासारखा घूंऽऽ आवाज. हिनं शेजारी बसणं सोडलं. "तुमच्या गाडीत बसलं की पिठाच्या गिरणीत आल्यासारखं वाटतं," असं पाहुण्यांसमोर सांगते.

एक मोठी सहल मात्र आठवते. चंदगडातून तिलारी घाट उतरून दोडामार्गाकडं गेलो होतो. तिकडं रबराच्या बागा आहेत. खोडाच्या सालीवर तिरपी चीर आणि तिच्या टोकाशी बांधलेली वाटी. वाटीत थेंब थेंब साचणारा चीक इतका पांढरा, की हा पुढं काळा टायर होणार यावर विश्वास बसत नाही. काळेपणा येतो काजळीनं, आणि काजळी रंगासाठी नसतेच. रबर चिवट व्हावं, लवकर झिजू नये म्हणून ती घालतात. झिजू नये म्हणून! माझ्या बाबतीत फारच मनावर घेतलं त्या काजळीनं.

असो. तर आता नवे कोणते?

"मोठं घाला की साहेब," टायरवाला म्हणाला, "रुबाब वाढतोय." रुबाब म्हटलं की कोल्हापुरात माणूस निम्मा विरघळतो. जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर १५. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या सत्तर टक्के, आर म्हणजे रेडियल, आणि १५ इंची डिस्क. तो दाखवत होता २१५/७५. आकडे बघितले तर दहा आणि पाचचा फरक, पण गुणाकार केला की चाकाचा व्यास ६६८वरनं ७०३ मिलिमीटरवर जातो. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३नं पळत असते. पिकअप बसतो, आणि हँडल पूर्ण वळवलं की टायर कुठंतरी घासायची भीती.

हे गणित मला पाठ आहे, कारण त्याच मापाचा एक टायर आधीच्या मालकानं स्टेपनी म्हणून मागं लटकवून दिला होता. चार नवे घेतले तेव्हा "स्टेपनी कशाला, आहे की," म्हणून मी पाचव्याचे पैसे वाचवले. मग एकदा कळे गावाच्या पुढं भर पावसात मागचं डावं चाक बसलं. जॅक लावला, पान्यावर उभा राहिलो, स्टेपनी चढवली. गाडी एका अंगानं साडेसतरा मिलिमीटर वर. डोळ्यांना कळतसुद्धा नाही, पण मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणाऱ्या गिअरांना, बरोबर कळतं. एका पायात कोल्हापुरी आणि दुसऱ्या पायात बूट घालून चालावं तसं त्याला सरळ रस्त्यावरही अखंड सांभाळून घ्यावं लागतं. आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद, टाकायची तर सोयच नाही. या जुन्या गाड्यांत तो लिव्हर ओढला की पुढचा आणि मागचा दांडा एकाच गतीनं फिरतो. चाकांचा घेर वेगळा असेल तर दोन्ही दांडे एकमेकांना पिळत राहतात. चिखलात चाक घसरून पीळ सुटतो, डांबरावर सुटत नाही. ज्या गाडीचं नावच चारही चाकांवर, तिची चारही चाकं मापानं सारखी नकोत का? "सध्या दोन घ्या, दोन पुढच्या वर्षी" हा सल्लाही मी त्याच हिशोबात बाजूला ठेवला. पाच घेतले, मूळ मापाचे.

राहिला प्रश्न नक्षीचा. गुळगुळीत रस्त्याचे, चिखलाचे, आणि मधले ते ऑल टेरेन, ज्यांना टायरवाला नुसतं 'एटी' म्हणतो. हात परत चिखलाच्या गोट्यांकडंच गेला, खोटं कशाला बोलू. पण मोठ्या गोट्या म्हणजे मोठ्या फटी, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी. ओल्या डांबरावर ब्रेक मारला की ते जाणवतं. आणि आमच्याकडचा खरा चिखल जंगलात नसतोच. उसाच्या ट्रॉल्या रानातनं वर येतात, चाकांची माती डांबरावर पसरते, त्यावर अवकाळीची एक सर पडली की रस्ता लोणी. तिथं गवाबिवा कोणी येत नाही, पुढचा ट्रॅक्टर तेवढा एकदम थांबतो. एटी घेतले. हिला आवाज ऐकवायला रंकाळ्याला एक फेरी मारली. "गिरणी बंद झाली वाटतं," म्हणाली.

जुने टायर गगनबावड्याकडच्या असळजचा चुलतभाऊ पिकअपमध्ये घालून घेऊन गेला. नक्षी बघून म्हणाला, "लेका, ही तर नवीच हायत! टाकलास कशाला?" मी कडा दाबून भेगा दाखवल्या. त्याला पटलं नाही. पण गाडीला लावायचे नव्हतेच त्याला.

श्रावणात गगनबावड्याच्या बाजूला पावसाला दम नसतो. भावाच्या घराकडं वळणारी वाट म्हणजे लाल राडा. कितीतरी दिवसांनी फोर बाय फोरचा लिव्हर ओढला. तो इतका घट्ट बसला होता की दोन्ही हात लावावे लागले. मग गाडी सरळ वर चढली, काही विशेष केल्यासारखं न दाखवता. अंगणात शिरलो तर माझे चारही टायर गोठ्याच्या पत्र्यावर. वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले, कडेला भोकं पाडलेली. "आरोग्याच्या आशाताई वराडती, टायरात पानी साठलं की डास हुत्यात म्हनून," वहिनी म्हणाल्या.

चहा होईपर्यंत भावाचा धाकटा गाडीपाशी गेला आणि पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला. नव्या टायरच्या खांद्यावर चिखलातनं केस डोकावत होते, ते तो एकेक करून उपटायला लागला. पाच-सहा झाले तसे तळहातावर ओळीनं मांडले.

"काका," तो मान वर न करता म्हणाला, "परत कवा येनार?"