बिनगव्हाचा किराणा

बुधवार, रात्र

महिन्याचा किराणा आज भरून झाला. नागपूरच्या इतवारीतल्या किराणा ओळीतून ज्वारी, एचएमटी तांदूळ, चणाडाळ, उडीद, मूग, भगर, शेंगदाणे, गूळ आणलं. यादीत ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेलं एकही पाकीट नाही, आणि लेकीच्या ताटात गव्हाचा कणही जाणार नाही. तिचा सिलिअ‍ॅकचा, म्हणजे गहू न सोसण्याच्या आजाराचा, रिपोर्ट आला तेव्हा आम्हा दोघांना आधी तिची काळजी वाटली आणि लगेच पैशांची. म्हणून हे लिहून ठेवते.

या दुखण्याला गोळी नाही. गहू आणि जव यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटतं. अन्न शोषून घेणारे तिथले बारीक उंचवटे सपाट होतात. मग पोर खाते भरपूर, पण अंगी लागत नाही. रक्त कमी, उंची थांबलेली, पोट फुगलेलं. उपाय एकच: गहू आणि जव जन्मभर बंद. पोटाच्या तक्रारी घेऊन कोणी विचारायला आलं की मी एक गोष्ट आवर्जून सांगते: रक्ताची तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच सोडला तर तपासणीत दुखणं लपून जातं.

गहू आणि या आजाराचं नातं विलेम डिक्के नावाच्या डच डॉक्टरांनी उलगडलं. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, ब्रेड मिळेनासा झाला, आणि एरवी खंगत चाललेली या आजाराची मुलं त्याच दिवसांत सुधारली. ब्रेड परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. हे वाचल्यावर मला फार धीर आला. त्या लेकरांना बरं करायला कोणी काही महागडं विकत आणलं नव्हतं.

खर्च होतो तो गव्हाची नक्कल करताना. बिनगव्हाची पोळी, बिनगव्हाचा ब्रेड, बिस्किटं. तसल्या एका किलो पिठाच्या पैशात दोन-तीन किलो ज्वारी सहज येते. आणि आपल्या विदर्भाच्या स्वयंपाकात गव्हावाचून अडतं तरी किती? सासूबाई म्हणतात, “आमच्या लहानपणी गहू सणासुदीलाच. रोज पोळी कुठची बाप्पा!” भाकरी आणि झुणका, गोळाभात, डाळभाजी, पातोडीचा रस्सा, कढीगोळे, ज्वारीच्या कण्या. सगळं डाळ, तांदूळ, ज्वारीवर उभं आहे. सकाळचे पोहे तर आहेतच. उकडपेंडी आपण कणकेची करतो, ती ज्वारीच्या जाडसर पिठाची केली तर अधिकच खमंग लागते. पीठ मंद आचेवर बदामी होईस्तोवर भाजायचं, कांद्याची फोडणी, आंबट ताकाचा हबका आणि झाकण. आमच्याकडचा रोजचा एचएमटी तांदूळही चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या साध्या शेतकऱ्यानं निवडून काढलेला वाण. घरात एवढं असताना पाकिटांपुढे हात कशाला पसरायचा?

खरी लढाई चक्कीवर आहे. आपल्याकडे अन्नपदार्थांच्या लेबलाचा नियम असा की किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असलेल्या पदार्थावर ग्लुटेन-फ्री लिहिता येत नाही. 20 मिलिग्रॅम म्हणजे किती, तर चिमूटही नाही. आणि चक्कीवर आपल्या ज्वारीच्या आधी कोणाचा तरी दहा किलो गहू पडलेला असतो. जात्याच्या पाळ्यांत, पाइपात, कापडी पिशवीत ते पीठ राहतंच. चक्कीवाल्या भाऊंनी आमच्यासाठी सकाळी पहिला घाणा काढून द्यायची तयारी दाखवली, पण आदल्या रात्रीचा गहू तिथे असतोच. शेवटी जाऊबाई आणि मी निम्मे-निम्मे पैसे घालून घरघंटी घेतली. तिच्यात गहू कधीच टाकायचा नाही, हे दोन्ही घरांत ठरलं. मोठा असा खर्च हा एकच.

ज्यांना तेही जमणार नाही त्यांच्यासाठी भिजवण-वाटण आहे. तांदूळ, उडीद, मूग धुऊन भिजवायचे आणि घरच्या मिक्सरमध्ये वाटायचे. पिठाचा आणि चक्कीचा संबंधच येत नाही. इडली, अप्पे, मुगाची धिरडी, सगळं त्यातून निघतं. चणाडाळ कोरडी वाटून चाळली की बेसन घरीच होतं. चाळणी मात्र वेगळी हवी. तिच्या जाळीत अडकलेली कणीक कितीही धुतली तरी निघत नाही. तवा आणि लाकडी पोळपाट-लाटणंही लेकीचं वेगळं ठेवलंय.

स्वस्त आणि बऱ्यापैकी निर्धोक सामान मला उपवासाच्या कप्प्यात सापडलं. भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. गव्हाचा स्पर्श झाला तर उपास मोडतो, म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या हे सामान जपून वेगळं ठेवत आले. भगर आख्खी घेते, निवडते, धुते. तयार पीठ घेत नाही, कारण जुन्या ओलसर पिठाला बुरशी लागून विषबाधा होते.

हिंगाची डबी मात्र उलटून वाचायलाच हवी. बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि आपल्या फोडणीला हिंग तर लागतोच. सोया सॉसमध्येही गहू. बाहेरचा चिवडा-शेव बेसनाची असली तरी ज्या कढईत समोसे तळले त्यातच तळलेली, म्हणून तीही नको.

डब्याचं सांगते. भाकरी दुपारी वातड होते ही लेकीची तक्रार खरी होती. पाण्याला उकळी आणून त्यात पीठ घालायचं, झाकून वाफ आणायची, मग गरम असतानाच चांगलं मळायचं. या उकडीचे फुलके लाटता येतात आणि मधल्या सुट्टीपर्यंत मऊ राहतात. ग्लुटेन नाही म्हणून चिकटपणा पाण्याच्या उष्णतेनंच आणावा लागतो. पीठ जुनं होऊन त्याची विरी गेली असेल तर हाच उपाय, पण मी आठवड्यापुरतंच दळते. संध्याकाळी आता सगळेच भाकरी खातात. दोन स्वयंपाकांचा गॅस वाचतो, आणि पोर एकटी पडत नाही. हे मला पैशांहून मोलाचं वाटतं.

पोळा जवळ आलाय. पुरण तिला चालतंच. ते तांदळाच्या उकडीत भरून वाफवणार आहे. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन ती दारोदार जाईल, तेव्हा हातावर बिस्किट पडू नये म्हणून शेजारच्या काकूंना आणि समोरच्या वहिनींना आजच सांगून आले. दोघींनी विचारलं, मग काय द्यायचं? शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, मुरमुऱ्याचा लाडू, मी म्हटलं. काकू म्हणाल्या, “मग मी सगळ्याच पोरांना राजगिऱ्याचेच लाडू देते.” उद्या त्यांच्यासाठीही अर्धा किलो राजगिरा आणायचा आहे.