गॅसच्या बिलावर सिटीची फी

आमच्या मिनेसोटातल्या सिटीने पण आता फ्रँचाइज फी चालू केली, आज गॅस आणि लाईट दोन्ही बिलांवर आली. संध्याकाळी शेजारच्या रिटायर्ड बाई बिल घेऊन आल्या, त्यांना वाटलं कंपनीने रेट वाढवले, मग बसून सांगितलं की कंपनी फक्त गोळा करते, पैसे सिटीला जातात. रस्त्याखालून पाइप आणि कडेने खांब नेतात ना, त्या जागेच्या वापराबद्दल सिटी कंपनीकडून फी घेते आणि कंपनी ती आपल्या बिलात लावते, राज्याच्या कायद्यातच तशी परवानगी आहे.

ही फी रस्त्यांच्या कामासाठी आहे आणि त्याला पैसा लागतो हे मला मनापासून पटतं, नाहीतर रस्ता नवीन केला की त्यावरच्या घरांना हजारो डॉलरची असेसमेंट, म्हणजे त्या खर्चातला घरमालकाचा वाटा, एकदम येते, ते फार वाईट. शिवाय प्रॉपर्टी टॅक्स न भरणारी चर्चेस वगैरे पण यात येतात. पण मिनिआपोलिसमध्ये ही फी बिलाच्या टक्क्यात आहे आणि आमच्याकडे मीटरमागे फिक्स, म्हणजे या बाईंचं एका खोलीचं अपार्टमेंट आणि तळ्याकाठचा मोठा बंगला, दोघांना सारखीच! हे मला अजिबात मान्य नाही. पुढच्या काउन्सिल मीटिंगला आम्ही दोघी जाऊन कमी उत्पन्नवाल्यांना सूट मागणार आहोत, कोणाला यायचं असेल तर सांगा.