बाय-ॲम्पिंग: डावा झाला, उजवा बाकी

बाय-ॲम्पिंग म्हणजे एकाच स्पीकरमधल्या वूफरला (खालचे सूर वाजवणारा) आणि ट्वीटरला (वरचे सूर वाजवणारा) वेगवेगळे ॲम्प. ट्वीटरला वेगळा ॲम्प दिला आणि आवाज एकदम मोकळा झाला, असं मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं. ते मागे घेतो.

वूफरला जुना क्लास एबी ॲम्प, ट्वीटरला छोटा क्लास डी. स्पीकरमागच्या चार टर्मिनलांमधल्या धातूच्या पट्ट्या आधीच काढल्या होत्या. (त्या राहिल्या तर दोन्ही ॲम्पचे आउटपुट एकमेकांना जोडले जातात आणि ॲम्प उडू शकतो. चालू करण्याआधी दोनदा बघा.) रविवारी स्पीकर सोडवले, 100 हर्ट्झचा टोन लावला आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरला. एबी 2.00, डी 2.32. म्हणजे ट्वीटर 1.3 डेसिबल चढा वाजत होता! ज्या बारकाव्यांवर मी इतका खूश होतो, तो नुसता वाढलेला ट्रेबल. डीचा व्हॉल्यूम उतरवून 2.00 वर आणला आणि नॉबवर टेप लावली.

मग एक ॲम्प की दोन, हे न बघता ओळखता येतं का ते पाहायला बहिणीला तारा बदलायला बसवलं, मी पाठमोरा. "दादा, आता कुठलं?" दहापैकी सहा उत्तरं बरोबर. नाणं उडवलं असतं तरी इतकी आली असती.

याचं कारण आता पटलंय. क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे सूर वेगळे करणारं सर्किट) स्पीकरच्या पोटातच असेपर्यंत दोन्ही ॲम्पना पूर्ण सिग्नलचं व्होल्टेज द्यावंच लागतं, वाटणी होते ती फक्त करंटची. खरा फायदा हवा तर सिग्नल ॲम्पच्या आधीच विभागायला हवा.

म्हणून डाव्या स्पीकरचा आतला क्रॉसओव्हर काढून ॲम्पच्या आधी डीएसपी (हीच विभागणी डिजिटल पद्धतीने करणारं यंत्र) बसवला. 2,200 हर्ट्झवर लिंक्विट्झ-रायली प्रकारचा फिल्टर, 24 डेसिबल प्रति ऑक्टेव्ह. वूफर थेट ॲम्पला. ट्वीटरच्या वाटेत मात्र 20 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवलाय, ॲम्प चालू होताना बसणारा धक्का किंवा डीसी कॉइल जाळू नये म्हणून. 8 ओहमला तो सुमारे 1,000 हर्ट्झपासून खाली कापू लागतो, त्यामुळे त्याचा थोडा परिणाम 2,200 लाही पोचतो. डीएसपीत तो धरूनच जुळणी केली. चालू करताना आधी डीएसपी, मग ॲम्प. बंद करताना उलट.

मोनो लावून दोन्ही बाजू आलटून पालटून ऐकल्या. डग्ग्यावर तळहात घासून काढलेली मींड डावीकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पष्ट ऐकू येते, उजवीकडे शेवटाला ती फुगते. वूफरच्या वाटेतली चोक (जुन्या क्रॉसओव्हरमधलं तारेचं वेटोळं) गेली, हे त्याचं एक कारण असावं. तिचा रेझिस्टन्स 0.6 ओहम भरला होता. ही तुलना मात्र डोळे उघडे ठेवून केलेली आहे.

उजव्यासाठी कपॅसिटर आणायला शनिवारी लॅमिंग्टन रोड.